लग्नाचा कागद हवाच का? लिव्ह-इन आणि कायदेशीर लग्न यांत नेमका काय फरक पडतो?

"आमचं एकमेकांवर प्रेम आहे, विश्वास आहे, मग सरकारी कागद कशाला?" हा प्रश्न आता फक्त मुंबई-पुण्यात विचारला जात नाही. त्यावर सोशल मीडियावर मिळणारी उत्तरं मात्र बहुतेक वेळा ऐकीव असतात. लग्नाशिवाय एकत्र राहणं बेकायदेशीर आहे, पाच वर्षं एकत्र राहिलं की आपोआप लग्न झालं असं धरतात, नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या की नवरा-बायको झालो, अशी तीन विधानं तर सर्रास फिरत असतात. ही तिन्ही विधानं चुकीची आहेत.

दोन सज्ञान माणसांना एकमेकांशी बांधिलकी ठेवायला कोणाच्याही शिक्क्याची गरज नसते. नातं दोघांपुरतं असतं आणि सगळं सुरळीत चालू असतं, तोवर कायदा त्यात डोकावतही नाही. प्रश्न येतो तो तिसरा माणूस समोर आल्यावर. अतिदक्षता विभागातला डॉक्टर, बँकेतला अधिकारी, सोसायटीचा सेक्रेटरी, गावाकडचे चुलतभाऊ किंवा न्यायाधीश "तुमचं यांच्याशी नातं काय?" असं विचारतात, तेव्हा लग्न झालेल्या आणि न झालेल्या जोडप्याची उत्तरं वेगळी असतात. हा फरक कुठे पडतो, कुठे पडत नाही आणि लग्न करायचं नसेल तर काय करता येतं, ते समजून घेऊ.

लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा आहे का?

नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी स्वेच्छेनं एकत्र राहणं हा भारतात गुन्हा नाही.

तामिळ अभिनेत्री खुशबू यांनी २००५ मध्ये विवाहपूर्व संबंधांबद्दल एका मुलाखतीत मत मांडलं, तेव्हा त्यांच्यावर ठिकठिकाणी २३ फौजदारी तक्रारी दाखल झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये त्या सगळ्या रद्द केल्या. समाजातल्या अनेकांना लिव्ह-इन अनैतिक वाटत असलं, तरी तेवढ्यानं तो गुन्हा ठरत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. २०१८ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. मुलगा १८ पूर्ण असला पण २१ वर्षांचा नसला, तर त्याला कायद्यानं लग्न करता येत नाही. तरीही सज्ञान जोडीदारासोबत राहण्याचा अधिकार त्याला आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे.

अविवाहित जोडप्याला घर भाड्यानं देऊ नये, असा कायदा नाही. मात्र घरमालकानं ते दिलंच पाहिजे, असाही कायदा नाही. त्यामुळे घर शोधताना येणाऱ्या अडचणी कायद्यापेक्षा घरमालकाच्या मर्जीमुळे येतात.

याला वेगळं वळण दिलं ते उत्तराखंडनं. तिथला समान नागरी कायदा २०२४ मध्ये संमत झाला आणि २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यात लिव्ह-इनची नोंदणी बंधनकारक आहे. मूळ कायद्यानुसार नोंदणी न करता महिन्याहून जास्त काळ एकत्र राहिल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्यात सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागण्याचा हक्क आणि अशा नात्यातून झालेल्या मुलांना औरस दर्जाही दिला आहे.

कायद्याच्या दृष्टीनं लग्न कधी होतं?

इथे तीन गोष्टींची गल्लत होते: विधी, नोंदणी आणि नोटरी.

हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की लग्न होतं. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख धर्मीयांनाही लागू आहे. रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल टाकल्यावर लग्न पूर्ण होतं. लग्नाची नोंदणी हा त्या लग्नाचा पुरावा असतो. नोंदणी केली नाही म्हणून झालेलं लग्न रद्द होत नाही.

उलट बाजू अनेकांना माहीत नसते. विधी न करता फक्त हिंदू विवाहाचं प्रमाणपत्र मिळवलं, तर त्यानं लग्न होत नाही. व्हिसासाठी किंवा घराच्या अर्जासाठी आधी प्रमाणपत्र काढायचं आणि "खरं लग्न" नंतर थाटात करायचं, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठानं अशाच एका प्रकरणात निकाल दिला. विधी झालेच नव्हते, त्यामुळे ते प्रमाणपत्र निरर्थक ठरलं आणि ते दोघं कधी नवरा-बायको नव्हतेच, असं जाहीर झालं.

महाराष्ट्रातलं जुनं उदाहरण १९६५ चं आहे. पहिली बायको असताना एका माणसानं "गंधर्व पद्धतीनं" दुसरं लग्न केलं. खटला द्विभार्येचा होता. त्या लग्नात आवश्यक विधी झाले नव्हते आणि त्याविना लग्न होण्याची रूढीही सिद्ध झाली नाही. त्यामुळे दुसरं लग्न झालंच नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं आणि आरोपी सुटला. देवळात हार घातले किंवा घरच्या घरी कुंकू लावलं म्हणजे लग्न झालं असं मानणाऱ्या स्त्रीसाठी या निकालाचा अर्थ गंभीर आहे. माणूस शिक्षेतून सुटतो आणि तिच्या हाती बायकोचा दर्जाही राहत नाही.

महाराष्ट्रात विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ नुसार लग्नानंतर ९० दिवसांच्या आत विवाहाचं ज्ञापन द्यायचं असतं. गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिकेच्या कार्यालयात हे काम होतं. उशीर झाला तरी नोंदणी करता येते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सर्व राज्यांना सगळ्या धर्मांतल्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं होतं.

"कोर्ट मॅरेज" म्हणजे काय?

नाव कोर्ट मॅरेज असलं तरी त्याचा कोर्टाशी संबंध नसतो. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार विवाह अधिकाऱ्यासमोर होणारं हे नोंदणी पद्धतीचं लग्न असतं. धर्म किंवा जात कोणतीही असली तरी ते करता येतं. मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षांची हवी. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिल्यावर ती ३० दिवस लावली जाते. त्यानंतर ३ साक्षीदारांसमोर सह्या होतात.

या नोटिशीला हरकत घेण्याची कारणं कायद्यानं मोजकीच ठेवली आहेत: वय कमी असणं, आधीचा जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं असणं किंवा मानसिक स्थितीमुळे संमती देता न येणं. "आई-वडिलांना मान्य नाही" हे कारण त्यात नाही. तरीही महिनाभर नाव जाहीर राहत असल्यानं आंतरधर्मीय आणि आंतरजातीय जोडप्यांना हाच काळ सर्वांत धोक्याचा वाटतो.

गोव्यात चित्र वेगळं आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार तिथे विवाहाची सरकारी नोंदणी हाच लग्नाचा पाया आहे. आधी इच्छा नोंदवायची आणि ठरावीक काळानंतर पुन्हा जाऊन सह्या करायच्या, असे त्याचे दोन टप्पे असतात. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता समाईक होते आणि दोघांचा तिच्यात निम्मा-निम्मा वाटा असतो. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्यानं लग्न केल्यावर असं आपोआप होत नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचंच राहतं.

नोटरीचं काय? नोटरी सह्या साक्षांकित करतो, लग्न लावत नाही. "आम्ही आजपासून पती-पत्नी" असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं तरी त्यानं लग्न होत नाही. गुजरातेत १९७० च्या दशकात विवाहित पुरुषांनी दुसऱ्या स्त्रीसोबत "मैत्री करार" करण्याची टूम निघाली होती. त्या करारांनाही कायद्यानं लग्नाचा दर्जा कधी मिळाला नाही.

पाच-दहा वर्षं एकत्र राहिल्यावर आपोआप लग्न होतं का?

होत नाही. वर्षांचा असा कोणताही आकडा कायद्यात नाही.

न्यायालयं मानतात ते वेगळं आहे. एक स्त्री आणि एक पुरुष दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहिले आणि समाजानंही त्यांना तसंच ओळखलं, तर त्यांचं लग्न झालं असावं असं गृहीत धरता येतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं जोडपं सुमारे ५० वर्षं एकत्र राहिलं होतं. इतक्या वर्षांनंतर पुरोहित आणि साक्षीदार आणून लग्न सिद्ध करा, असं सांगणं अन्यायाचं होईल, असं न्यायालय म्हणालं. २०२२ मध्येही हे तत्त्व पुन्हा मान्य झालं.

पण हे फक्त गृहीतक आहे. समोरच्यानं लग्न झालं नव्हतं असा पुरावा दिला, तर ते कोसळतं. "आम्ही लग्न न करता राहतोय" असं जे जोडपं उघडपणे सांगतं, त्याला या तत्त्वाचा आधार मिळणं आणखी अवघड असतं.

फरक नेमका कुठे पडतो?

रुग्णालयात. रुग्ण शुद्धीत नसेल तेव्हा रुग्णालयं संमतीसाठी "जवळच्या नातेवाईकाची" सही मागतात. तिथे वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या जोडीदाराला बाजूला ठेवून गावाहून भावाला बोलावलं जाऊ शकतं. अवयवदानात तर हे कायद्यातच लिहिलं आहे. मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देता येणाऱ्या जवळच्या नातेवाइकांत पती किंवा पत्नी, मुलं, आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं येतात. लिव्ह-इन जोडीदार त्यात नाही. त्याला द्यायचं असेल तर प्राधिकार समितीची वेगळी परवानगी लागते.

मृत्यूनंतर. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची मालमत्ता आधी पत्नी, मुलं आणि आई यांना मिळते. त्यांच्यापैकी कोणी नसेल तर वडील, भावंडं, पुढे लांबचे नातेवाईक अशी यादी सुरू होते. लिव्ह-इन जोडीदाराचं नाव या यादीत शेवटपर्यंत कुठेही येत नाही. वीस वर्षं एकत्र संसार केला, तरी घर ज्याच्या नावावर होतं त्याचा पुतण्या जोडीदाराच्या आधी दावा सांगू शकतो.

स्त्रीच्या बाबतीत एक उलटा मुद्दाही आहे. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिला मुलं किंवा नवरा नसेल, तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता तिच्या आई-वडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. अविवाहित स्त्रीची मात्र आई-वडिलांकडे जाते. म्हणजे मृत्युपत्राची गरज लग्न झालेल्यांनाही तितकीच असते.

पैशांत. "नॉमिनी केलंय ना, मग झालं," हा मोठा गैरसमज आहे. बँक खातं असो वा शेअर्स, नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नसतो. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. वारस दावा करून ते पैसे मागू शकतात. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनं आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते. लिव्ह-इन जोडीदाराला हा फायदा नाही. पीएफमध्येही सभासदाला "कुटुंब" असेल, तर नॉमिनी कुटुंबातलाच असावा लागतो. महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायटीतला नॉमिनी वारस ठरेपर्यंत फक्त तात्पुरता सभासद असतो.

करात आणि मुद्रांकात. जोडीदारानं वर्षात ५० हजार रुपयांहून जास्त रक्कम भेट दिली, तर नवरा-बायकोत त्यावर कर लागत नाही. लिव्ह-इनमध्ये ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावे बक्षीसपत्रानं करायला २०० रुपये मुद्रांक शुल्क पुरतं. नात्याबाहेरच्या व्यक्तीला मात्र जवळपास विक्रीसारखंच शुल्क भरावं लागतं.

मूल हवं असताना. दत्तक नियमांनुसार जोडप्यानं एकत्र मूल घ्यायचं तर किमान २ वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. सरोगसीच्या २०२१ च्या कायद्यातही लिव्ह-इन जोडप्याला जागा नाही.

लिव्ह-इनमधल्या स्त्रीला कोणतं संरक्षण आहे?

सर्वांत महत्त्वाचा आहे तो कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा. त्यात पत्नीसोबतच "विवाहसदृश संबंधांत" राहणारी स्त्रीही येते. मारहाण, धमक्या, पैशांची अडवणूक किंवा घराबाहेर काढणं अशा बाबतीत ती संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागू शकते. संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा आदेश, आर्थिक मदत आणि मुलांचा तात्पुरता ताबा या गोष्टी तिला मिळू शकतात.

विवाहसदृश म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. दोघं समाजात पती-पत्नीसारखे वावरत असावेत, लग्नाच्या वयाचे असावेत, लग्न करायला पात्र असावेत म्हणजे त्यांपैकी कोणी आधीच विवाहित नसावं, आणि बराच काळ स्वेच्छेनं एकत्र राहिलेले असावेत. विवाहित पुरुषासोबत ते माहीत असूनही राहणाऱ्या स्त्रीचा दावा २०१३ च्या निकालात याच कारणानं टिकला नाही. ज्या स्त्रीला त्याचं आधीचं लग्न लपवून फसवलं गेलं, तिचा प्रश्न वेगळा असतो. म्हणून समोरच्याचा घटस्फोट "होणार आहे" यावर विसंबून राहणं जोखमीचं ठरतं.

पोटगीचा मार्ग कच्चा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे पूर्वीचं कलम १२५, "पत्नी"ला पोटगी देतं. "पत्नी" या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, असं मत सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठानं २०१० मध्ये मांडलं आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. त्याआधी ऑक्टोबर २००८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ठरावीक काळ लिव्ह-इनमध्ये राहिलेल्या स्त्रीला पत्नी मानण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली होती, पण ती कायद्यात उतरली नाही.

लग्नाचं खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले असतील, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू असणं आणि प्रामाणिकपणे सुरू झालेलं नातं पुढे मोडणं यांत न्यायालयं फरक करतात.

मुलांच्या हक्कांचं काय?

आई-वडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाला दोघांकडून पालनपोषणाचा खर्च मागता येतो. अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व मिळू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये दिला.

वारसा हक्कात मात्र गुंता आहे. लग्नाचे विधी झाले पण ते लग्न कायद्यानं रद्दबातल ठरलं, तर त्यातल्या मुलांना औरस मानलं जातं आणि आई-वडिलांच्या वाट्यात हिस्सा मिळतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याला दुजोरा दिला. विधीच झालेले नसतील, तर आईच्या मालमत्तेत हक्क राहतो. वडिलांच्या मालमत्तेसाठी मात्र दोघं नवरा-बायकोसारखे राहत होते, हे सिद्ध करण्याची वेळ मुलावर येऊ शकते. दोघांनी लग्न न करण्याचा निर्णय समजून-उमजून घेतलेला असतो. मुलाला मात्र त्याचा पुरावा शोधत बसावं लागतं.

मग लोक लग्न का टाळतात?

त्यामागे नेहमी बेजबाबदारपणाच असतो असं नाही.

लग्नात शिरणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड असतं. परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायलाही एक वर्ष वेगळं राहणं आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा काळ अपेक्षित असतो. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं २०१७ मध्ये ठरलं. संमती नसेल तर खटला वर्षानुवर्षं चालतो. ज्यांनी घरात असा एखादा घटस्फोट पाहिला आहे, ते साहजिकच बिचकतात.

लग्नामुळे स्त्रीचं संरक्षण एका बाबतीत कमीही होतं. १८ वर्षांवरील पत्नीशी नवऱ्यानं तिच्या इच्छेविरुद्ध ठेवलेले संबंध बलात्काराच्या व्याख्येत येत नाहीत. लिव्ह-इन जोडीदाराला ही सूट नाही. या तरतुदीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या आहेत.

लग्न झालं म्हणजे संमती कायमची मिळाली का, हा वाद महाराष्ट्राला जुना आहे. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, तेव्हा १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्याविरुद्ध दावा लागला. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं गेला. अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. नांदायला येण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे, फक्त त्यासाठी तुरुंग नाही. पुढे र. धों. कर्वे यांच्या "समाजस्वास्थ्य" मासिकानंही १९२७ पासून लैंगिकता आणि लग्नसंस्थेवरचे अडचणीचे प्रश्न मराठीत उघडपणे मांडले.

ज्येष्ठांची कारणं आणखी वेगळी असतात. उतारवयात सोबत हवी असते, पण घर-जमिनीत नवा वारस येईल म्हणून मुलं धास्तावतात. शिवाय केंद्र सरकारच्या नियमांनुसार काही अपवाद वगळता पुनर्विवाहानंतर कुटुंब निवृत्तिवेतन थांबतं. पुण्यात माधव दामले यांनी "हॅपी सीनियर्स" संस्थेतर्फे ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मेळावे घेतले, ते याच गरजेतून.

समलिंगी जोडप्यांना तर निवडच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं एवढं स्पष्ट केलं, की त्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही.

लग्न करायचं नसेल, तर कोणते कागद करावेत?

- मृत्युपत्र: स्वकष्टार्जित मालमत्ता कोणालाही देता येते. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही पुरते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मुस्लीम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशपर्यंतच देता येतं. गोव्यात मुलं किंवा आई-वडिलांसारखे सक्तीचे वारस असतील तर निम्मा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असतो.
- नॉमिनेशन: ते करावंच, पण मृत्युपत्राशी जुळेल असं करावं. दोन्हींत वेगळी नावं असली की भांडणाला निमंत्रण मिळतं.
- घर: दोघं हप्ते भरत असतील तर खरेदीखतात दोघांची नावं आणि हिश्श्याची टक्केवारी लिहून घ्यावी. "हप्ते मीही भरले" हे नंतर सिद्ध करणं जिकिरीचं असतं. बँकेचे व्यवहार जपून ठेवावेत.
- आजारपण: उपचारांबाबतच्या आगाऊ सूचना म्हणजे "लिव्हिंग विल". सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आजार बरा होण्यापलीकडे गेला तर काय करावं, हे त्यात लिहिता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. निर्णय कोणी घ्यायचा, तिथे जोडीदाराचं नाव देता येतं. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्यानुसार कोणाही सज्ञान व्यक्तीला प्रतिनिधी नेमता येतं.
- आपसातला करार: भाडं, डिपॉझिट, सामान, कर्ज यांचा हिशोब लिहून ठेवता येतो. तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. त्यानं लग्नाचा दर्जा मिळत नाही आणि मुलांचा ताबा त्यातून ठरत नाही.
- मूल झाल्यास: जन्मनोंदणीत दोघांची नावं घालावीत.

एवढं सगळं केलं तरी पत्नी किंवा पती म्हणून मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन, अवयवदानातलं "जवळचं नातं" आणि एकत्र दत्तक घेणं या गोष्टी कागद करून मिळवता येत नाहीत.

परदेशी जायचं असेल तर?

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या व्यक्तीसोबत एच-४ वर फक्त पती-पत्नी आणि २१ वर्षांखालील मुलं जाऊ शकतात. कॅनडा किमान १२ महिने सलग एकत्र राहिलेल्या जोडीदाराला मान्यता देतो. ब्रिटनमध्ये किमान २ वर्षांचं विवाहसदृश नातं दाखवावं लागतं. भारतात दोघांच्या नावावर भाडेकरार किंवा खातं नसेल, तर हे दाखवताना पंचाईत होते.

शेवटी ठरवायचं कसं?

प्रेम खरं आहे की नाही, याचं उत्तर प्रमाणपत्रावरून मिळत नाही. लग्न झालेल्या घरांतही बांधिलकी नसते आणि लग्नाविनाही आयुष्यभराची सोबत असते. म्हणून दोघांनी बसून विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. उद्या एकाला काही झालं तर दुसऱ्याला राहायला घर असेल का? नोकरी सोडून घर सांभाळणाऱ्याच्या हाती काय उरेल? मूल होणार असेल तर त्याची बाजू कोण मांडेल? यांची उत्तरं कागदांवर आधीच असतील, तर लग्न न करण्याचा निर्णय पेलता येतो. एकाची कमाई आणि मालमत्ता दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त असेल, तर कागद नसण्याची किंमत बहुतेक वेळा कमी कमावणाऱ्यालाच मोजावी लागते.

सगळ्यांत वाईट अवस्था अर्धवट लग्नाची असते. मनानं लग्न झालेलं असतं, पण विधींचा फोटो नाही, साक्षीदार नाही, नोंदणी नाही. लग्न विधिवत झालं असेल आणि नोंदणी राहिली असेल, तर ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत ती आजही करता येते. वाद निर्माण झाला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. हिंसाचार होत असेल तर महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे.